धाकटीच्या नावाने

माणूस गेलेल्या घरी प्रश्न विचारायला जायचं तर आधी काय बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आरोग्याच्या अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना बाकी सगळं शिकवतात. घरं कशी निवडायची, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, समोरचा रडायला लागला तर पेन खाली ठेवायचा. उंबऱ्यात उभं राहिल्यावरचं पहिलं वाक्य मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. माझं ठरलेलं होतं. मी गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची, ‘त्या गेल्याचं कळलं, वाईट वाटलं’ म्हणायची, आणि बसा म्हटलं तर बसायची.

माझा विषय सार्वत्रिक आरोग्य संरक्षण. म्हणजे उपचार सगळ्यांना मिळावेत, कुणाचं पैशावाचून अडू नये. या दोन शब्दांवर चर्चासत्रांत माणसं घसा कोरडा होईपर्यंत बोलतात आणि मधल्या सुट्टीत वडे हाणतात. मीही हाणलेत. पण मला बघायचं होतं की मोफत उपचाराच्या योजनेचं कार्ड हातात आल्यावर एखाद्या घरात खरोखर काय होतं. योजनेतून उपचार घेतलेल्यांची नावं मला रीतसर परवानगीने मिळाली होती, आणि त्यांत दवाखान्यातच वारलेल्यांचीही होती. शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीवरची बाई त्यांपैकी एक.

मी गेले तेव्हा भर दुपार होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की खालच्या रस्त्यावर लावलेली माझी स्कूटर वळून पाहिली तर दिसेना. भातखाचरांच्या बांधावरून चढत वर गेले. घराच्या पुढच्या सोप्यात एक म्हातारी नाचणी निवडत बसली होती. “या पावणं, बसा,” म्हणाली. आतून तिशीतली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी माझं वाक्य म्हटलं. नाव घेतलं, वाईट वाटलं म्हणाले. तांब्या घेतलेली बाई म्हणाली, “मीच की ती.”

मला वाटलं, घर चुकलं. वाडी, घरमालकाचं नाव, सगळं पुन्हा विचारलं. सगळं बरोबर होतं. मी म्हातारीकडे पाहिलं. तिचे हात सुपात चालूच होते. आपल्या शेजारी कुणी बोललंय, हे तिच्या गावीही नव्हतं. मी माझ्या क्रमाने पुढचा प्रश्न विचारला, घरात माणसं किती?

“मी, दोन ल्योक, आन धाकट्याची पोरगी.”

“आणि ह्या?”

म्हातारीने प्रथमच हात थांबवले. पण त्या बाईकडे पाहिलं नाही. “ती हाय की,” म्हणाली. “पर तिला मोजू नगा.”

मी अशी सहज घाबरणारी नाही. शिरोळच्या बौद्ध घरात वाढले. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला तेव्हा भूत, उतारा, अंगात येणं सगळं एकदम घराबाहेर काढलं, आणि माझे वडील अजूनही कुणी अमावास्येचं नाव काढलं की तासभर वाद घालतात. तरी त्या सोप्यात माझ्या हातांवर काटा आला. आणि काटा आला म्हणून माझा मलाच राग आला. पाणी प्यायले आणि उठले.

ती बाई मला सोडायला बांधापर्यंत आली. चालताना दर थोड्या अंतरावर थांबत होती, छातीवर हात ठेवून दम घेत होती. गालांवर लालसर डाग होते आणि ओठ जांभळट. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगायला सुरुवात केली. बोलायला कुणी मिळालं नसावं बरेच दिवस.

“मी थोरली. गेली ती धाकटी, माझी जाऊ,” ती म्हणाली. “लावणीच्या दिवसात तिला ताप भरला. डोळं पिवळं झालं, लघवी बंद झाली.”

उंदरांमुळे खाचरांतल्या पाण्यातून होणारा ताप तो, दरवर्षी कुणाला तरी नेतोच. दोघा भावांनी तिला कोल्हापूरला आणलं. योजनेसाठी रेशनकार्डावर नाव लागत होतं, आणि धाकटीचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, नेसरीला. लग्न होऊन घरात पोरगी रांगून चालायला लागली तरी ते तिथून कमी करून इथे चढवायला कुणाला सवड झाली नव्हती. आमच्या भागात निम्म्या सुनांचं असंच असतं. एरवी नेसरीहून कार्ड आणलं असतं, पण त्या दिवशी सगळीकडे पाणी आलं होतं, रस्ते बंद. “मग ह्यांनी माझं दिलं,” थोरली म्हणाली. “मीच दिलं की काढून. पिशवीत हुतं.”

धाकटीची बोटं सुजली होती, यंत्राने अंगठा घेतला नाही. मग फोटो बघितला. डोक्यावर पदर घेतलेली, बुजलेल्या डोळ्यांची बाई. रांग मोठी होती, टेबलावरच्या माणसाने पुढे ढकललं. धाकटी थोरलीच्या नावाने दाखल झाली आणि थोरलीच्याच नावाने वारली. दाखला त्या नावाचा निघाला. रेशनवरून थोरलीचं नाव गेलं, योजनेचं कार्ड बंद झालं.

एवढंच असतं तर मी त्याला कागदाचा घोळ म्हटलं असतं. असे घोळ माझ्या प्रबंधात चिकार आहेत.

“दहाव्याला कावळा शिवंना,” ती म्हणाली.

नदीकाठी पिंड ठेवला होता. वर झाडावर कावळे होते, खाली बघत होते, पण उतरत नव्हते. धाकटीचं नाव घेऊन झालं. तिच्या पोरीला सांभाळू म्हणून झालं, पोरीला शिकवू म्हणून झालं. धाकट्याने दुसरं लगीन करणार नाही म्हणून शब्द दिला. पाऊस भुरभुरत होता, लोक ताटकळले होते. दर्भाचा कावळा करून मोकळं व्हावं असं भटजी म्हणाले, पण तरण्या बाईला असं वाटेला लावायचं कुणाच्या जिवावर येईना. मग जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, बाई गेली तेव्हा तिच्या कानावर कुठलं नाव पडत होतं? दवाखान्यात नर्स कुठल्या नावाने हाक मारत होती?

“कुणी घेतलं मग तुमचं नाव?”

“ह्यांनीच,” ती म्हणाली. ह्यांनी म्हणजे तिच्या नवऱ्याने. “नाव पुरतं तोंडातनं निघंस्तवर कावळा खाली आला म्हणं.”

आम्ही बांधावर येऊन पोचलो होतो. खाली कुठेतरी पाणी पडत होतं, ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मी तिला म्हणाले की कावळ्याला भूक लागली की तो येतो, नावाचा काही संबंध नाही. माझे वडील असते तर त्यांना माझा अभिमान वाटला असता. तिने मान डोलावली, लहान पोर काहीतरी बोलून गेल्यावर मोठी माणसं डोलावतात तशी.

“तवापास्नं मला कुणी नावानं हाक मारत न्हाय. वाडीत बी न्हाय. सासूबाई तर बगत बी न्हाईत. वाईट म्हणून न्हवं, भ्यात्यात. मला पन कदीमदी वाटतं, मी गेलीया आन उगंच हितं फिरतीया.”

हे ती गळा न काढता सांगत होती, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. मग म्हणाली की रात्री आडवं झोपता येत नाही, पाठीला पोतं लावून बसून झोपते. तालुक्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलंय, लवकर ऑपरेशन करा म्हणालेत. “पर दाखल कुटल्या नावानं व्हायचं?”

कोल्हापुरात परतले ते डोक्यात तेच घेऊन. एका कचेरीत ओळख होती, तिथे जाऊन नाव-गाव न सांगता विचारलं की जिवंत माणसाची कागदावर मृत्यूची नोंद झाली तर ती कशी काढायची. साहेब भले होते. म्हणाले, काढता येते, पण मग त्या नावाने कोण वारलं ते सांगावं लागेल. ते सांगितलं की दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेतल्याचं निघेल. फसवणुकीचा गुन्हा, दवाखान्याची वसुली, घरातले दोघे भाऊ आत. “तुम्ही त्या वाटेला जाऊ नका,” म्हणाले आणि चहा मागवला. मी चहा न घेता उठले. उद्धटपणा झाला.

पुन्हा वाडीवर गेले, भावांना समोर बसवून हे सगळं सांगितलं. मोठ्या दवाखान्यांत गरिबांसाठी राखून ठेवलेल्या धर्मादाय खाटांचं सांगितलं, वकील बघते म्हणाले. मी बोलत होते तेवढा वेळ थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, जमिनीकडे बघत होता. तो एकदाच बोलला. “मी त्वांडातनं काडलं. आता माघारी कसं घ्यायचं?” मी म्हणाले, अहो, कावळ्याचं नाही, कार्डाचं चाललंय. तो म्हणाला, व्हय, त्येच. त्याच्या डोक्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. आणि खरं सांगायचं तर त्या घरात बसलं की माझ्याही डोक्यात त्या वेगळ्या ठेवायला जोर लावावा लागत होता.

काही आठवड्यांनी धाकट्या भावाचा फोन आला. “म्याडम, हिकडं कोल्हापुरात आलोय. दाखल केलंय. या.”

मला आनंद झाला, सांगायला नको इतका झाला. मनात म्हटलं, कुणीतरी खाट दिली असेल. दवाखान्यात वॉर्डच्या दारात थोरलीचं नाव विचारलं. नर्स म्हणाली, ह्या नावाचं कुणी नाही. मी हटून बसले. तेवढ्यात आतून दुसरी नर्स तपासणीसाठी पेशंटला हाक मारत होती, भलत्याच बाईचं नाव, आणि खिडकीकडच्या खाटेवरून थोरली म्हणाली, “ओ.”

धाकटीचं नाव होतं ते.

सगळं लक्षात यायला मला एक क्षण लागला. धाकटी कागदावर कधी मेलीच नव्हती. नेसरीच्या रेशनकार्डावर ती ठणठणीत होती. भाऊ जाऊन ते कार्ड घेऊन आले होते. थोरलीचं कार्ड मेलं होतं, धाकटीचं जिवंत होतं, आणि ज्याला झडप हवी तो जीव थोरलीचा होता. हिशेब कुणी शहाण्याने मांडावा इतका सरळ.

“अंगठा?” मी धाकट्या भावाला बाजूला घेऊन विचारलं. कारण फोटो बघणाऱ्या माणसाला फसवता येतं तसं यंत्राला येत नाही.

त्याने आवाज खाली आणला. “लागला.”

“कसा लागेल?”

“पयल्याच बारीला लागला. हिरवा दिवा आला. वहिनीचा सोताच्या नावानं रेशन दुकानात कदी लागला न्हाई म्याडम. कामानं घासल्यात बोटं. हितं लागला.” त्याने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच धरून ठेवला. “मला तिथनं पळून जावं वाटत हुतं.”

अशी यंत्रं चुकतात. झिजलेले ठसे, घाम, जुनी काच, सगळं मला माहीत आहे, त्यावर मी एक प्रकरण लिहिलेलं आहे. ते प्रकरण मी नंतर पुन्हा वाचलं. त्यात अंगठा न लागण्याची कारणं भरपूर आहेत. नको तो लागण्याचं एकही नाही.

मी खाटेशी गेले. ती उशांना टेकून बसली होती, चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. मला बघून हसली. मी वाकून हळूच विचारलं की भीती वाटते का. ती म्हणाली, “न्हाय. बरी झाले की म्हायेरला जाऊन येणार. आमच्या दारात चिंच हाय मोठी, तिला ह्या दिवसात गाभुळ्या चिंचा लागत्यात.” तिचं माहेर मला माहीत होतं. खालच्याच वाडीचं, तिच्या घरातून कौलं दिसतात. तिथे चिंच नव्हती. धाकटीने कधी बोलता बोलता सांगितलं असेल. दोन जावा एका चुलीवर राहिल्या की एकीचं माहेर दुसरीला पाठ होतंच. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते.

ऑपरेशनच्या संमतीवर नवऱ्याची सही लागते म्हणून नर्स आली. नाव धाकटीचं, तेव्हा सही धाकट्या भावाने केली. नवरा म्हणून. थोरला बाहेर फाटकापाशी चहाच्या गाड्यावर उभा होता. मी त्याच्याकडे गेले. त्याला म्हणाले की तुम्ही आत तरी चला, जवळ थांबा. “आत एकालाच सोडत्यात,” तो म्हणाला. गाड्यावरच्या माणसाने विचारलं, कोण आहे आत? त्याने हातातला कप गाड्यावर ठेवला आणि म्हणाला, “भावजय.”

हे मी कुठेही बोलले नाही. ज्यांना मी प्रश्न विचारते त्यांची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमच्या कामाचा नियम, आणि तो मी आयुष्यात इतक्या कडूपणे कधी पाळला नव्हता. सगळ्यांना उपचार मिळायला हवेत असं म्हणणारी मी, आणि माझ्यासमोर एकीला उपचार मिळत होते. मिळत कुणाला होते, एवढंच सांगता येत नव्हतं. झडप बसली. ती वाचली. मी जिन्यात बसून रडले, हे आनंदाचं होतं असं धाकट्या भावाला वाटलं, आणि निम्मं होतंही.

धाकटीला जाऊन वर्ष उलटल्यावर, कापणीनंतर वाडीवर गेले तेव्हा ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं. मला धुकंच बरं वाटलं असतं. ती अंगणात भात वाळत घालत होती, न थांबता, न धापता. गालांचे डाग गेले होते. सोप्यातून सासूने तिला हाक मारली, धाकटीच्या नावाने, मोठ्याने, इतर कुठल्याही सासूसारखी. ती लगबगीने गेली. धाकट्याची पोरगी तिच्या पाठीमागे पदर धरून फिरत होती आणि तिला “आव्वा” म्हणत होती. नेसरीकडे आईला असं म्हणतात, धाकटीने शिकवलं होतं पोरीला. शेजारची एक बाई आली, तिच्याशी गप्पा मारून गेली. त्या घरात कुणी कुणाला भीत नव्हतं. एवढी शांतता मला तिथे कधी जाणवली नव्हती, आणि मला तिथून निघावंसं वाटत होतं.

पण मी एक बातमी घेऊन गेले होते. योजनेचे नियम बदलले होते. आता ती सगळ्यांना लागू होती, कुठल्या रंगाचं रेशनकार्ड हा प्रश्नच उरला नव्हता. शिवाय एक वकीलबाई मिळाल्या होत्या, त्या म्हणत होत्या की दवाखान्याची चूक दाखवून, घरच्यांना न अडकवता मृत्यूची नोंद दुरुस्त करता येईल, प्रयत्न करू. मी तिला बाजूला बसवून हे समजावून सांगितलं. तुमचं नाव तुम्हाला परत मिळेल, म्हणाले.

ती हातातलं भात चाळवत राहिली. मग म्हणाली, “मी माझं परत घेतलं की तिला मरायला लागंल.”

“ती गेलेलीच आहे ओ.”

“कुटं?” ती म्हणाली. भांडायला नाही, खरंच विचारत असल्यासारखी. “पोरीला आई हाय. सासूला सून हाय. नेसरीला तिची आई म्हातारी झालीया, मी जाऊन आले, लुगडं नेसवलं मला तिनं. आत्ता कुटं बरं चाललंय तिचं. परत कशाला मारायची?”

“आणि तुमचं काय?”

“माझं झालं की सगळं,” ती म्हणाली. “धावा झाला, बारावा झाला. वरीस पन घातलं ह्या लोकांनी.”

नवऱ्याचं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिनेच ओळखलं. रात्री आपण पोरीला घेऊन सासूजवळ झोपतो, असं तिने सांगितलं. धाकट्याचं अंथरूण सोप्यात, थोरल्याचं माडीवर. मी वकीलबाईंचा नंबर लिहून दिला. तिने तो घेतला आणि पोरीच्या हातात खेळायला दिला.

तेवढ्यात थोरला शेतातून आला. डोक्यावर गवताचा भारा होता, वाट अरुंद, आम्ही दोघी वाटेतच बसलेल्या. तो दिसताच ती उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने तोंड भिंतीकडे केलं, आणि थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेने उभं राहायचं तशी बाजूला सरून उभी राहिली. तोही थबकला. आपल्या बायकोवर सावली पडू नये म्हणून त्याने भारा दुसऱ्या बाजूला कलता घेतला, आणि मान खाली घालून मागच्या वाटेने गोठ्याकडे गेला.